तो सगळ्याला ‘हो’ म्हणतो

25 ऑगस्ट 2025, सोमवार

संध्याकाळी एक आई मुलाचं समन्स घेऊन आली. कागद गुजरातीत. तिला गुजराती बोलता येतं, वाचता येत नाही. सुरतच्या कोसाड आवासात बऱ्याच घरांची हीच गत आहे. शहरातल्या आणि तापीकाठच्या झोपड्या उठवून आणलेली माणसं इथे राहतात. एका जिन्यात मराठी, उडिया, हिंदी, उर्दू सगळं ऐकू येतं. खालच्या कोर्टाचं काम मात्र गुजरातीतच चालतं.

मुलगा एकोणीस वर्षांचा. महापालिकेच्या मराठी शाळेत माझ्या वर्गात होता, म्हणून ती माझ्याकडे आली. तारीख 1 सप्टेंबरची, गुन्हा प्रोहिबिशनचा, म्हणजे दारूबंदीचा. कुणीतरी हातात पिशवी दिली, अमरोलीला पोचव म्हणून पन्नास रुपये टेकवले. पिशवीत देशी दारूच्या पोटल्या होत्या. वाटेत पोलिसांनी धरलं. माल तुझा? हो. विकतोस? हो. कधीपासून? खूप दिवसांपासून.

“बाई, त्यानं पिशवी उघडून पण नव्हती पाहिली हो,” ती म्हणाली.

मला नवल वाटलं नाही. चौथीत असताना वर्गाची काच फुटली होती. मी विचारलं, कुणी फोडली? हा उभा राहिला, “मी.” हजेरीपट बघते तर ज्या दिवशी काच फुटली त्या दिवशी हा गैरहजर. सोमवारी सातचा पाढा घडाघडा म्हणायचा आणि मंगळवारी तो पाढा त्याने कधी ऐकलाच नाही असं तोंड करायचा. आम्ही शिक्षक त्याला ‘लक्ष नाही’ म्हणत होतो. प्रगतिपुस्तकावर माझ्या अक्षरात तेच लिहिलेलं असणार.

28 ऑगस्ट, गुरुवार

काल गणपती बसले. खाली मंडपात रात्री अकरापर्यंत स्पीकर. तशातच पुण्याला भाचीला फोन केला, ती बालरोगतज्ज्ञ आहे. मुलाचं सगळं सांगितलं: जन्मतः किरकोळ, उशिरा बोलला, वजन कधी धरलंच नाही, एका वेळी दोन कामं सांगितली की दोन्ही राहतात, पैशाचा हिशेब येत नाही, कुणीही गोड बोललं की त्याच्या मागे जातो, आणि कुणी अचानक हात लावला तर दचकून पळतो.

तिने एकच विचारलं, “आई गरोदर असताना पीत होती का?”

मग तिने समजावलं ते इथे लिहून ठेवते, कारण पुन्हा वकिलाला सांगावं लागेल. आईच्या रक्तातली दारू वार अडवत नाही. ती बाळापर्यंत जाते, आणि बाळाच्या यकृताला ती पचवता येत नाही. सगळ्यात जास्त मार मेंदूला बसतो. फ्रान्समध्ये नांतच्या पॉल लेमोआँ या डॉक्टरने 1968 मध्ये अशा 127 मुलांची नोंद केली होती, कुणी फारसं लक्ष दिलं नाही. 1973 मध्ये सिएटलच्या जोन्स आणि स्मिथ यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं तेव्हा त्याला नाव मिळालं, फीटल अल्कोहोल सिंड्रोम. आता त्याची सौम्य-तीव्र सगळी रूपं धरून फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर म्हणतात. 2017 मधला जागतिक अंदाज दर हजारी आठच्या आसपास आहे. किती घेतली तर चालते, याचं सुरक्षित माप कुणालाही ठरवता आलेलं नाही.

मी म्हटलं, फोटो पाठवते. भाची म्हणाली, मावशी, फोटोवरून निदान करायचं नसतं. डोळ्यांच्या फटी लहान, नाकाखालची पन्हाळ सपाट, वरचा ओठ पातळ, अशा तीन खुणा चेहऱ्यावर स्पष्ट असल्या तर आईने काही सांगितलं नाही तरी निदान पुढे सरकतं. पण बहुतेकांच्या चेहऱ्यावर त्या नसतातच. मग आईने किंवा घरच्या कुणीतरी ‘हो, घेत होती’ म्हणावंच लागतं. त्याशिवाय डॉक्टरच्या हातात काही नाही.

आणि आम्ही राहतो गुजरातेत.

29 ऑगस्ट, शुक्रवार

तिच्याकडे गेले. साड्यांच्या ढिगाऱ्यात बसून धागा कटिंग करत होती. शेजारची बाई उठून जाईपर्यंत मी थांबले आणि मग विचारलं. तिने कात्री खाली ठेवली नाही.

“माले काही इचारू नका, बाई.”

मी उठले नाही. बऱ्याच वेळाने आपणहून बोलली. नंदुरबारकडची माणसं, लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर कोयता घेऊन बारडोलीकडे ऊसतोडीला. पहाटे फडात, रात्री उसाच्या पाचटाची खोपी, थंडी. कंबर मोडायची. संध्याकाळी सगळेच घ्यायचे, तीही घ्यायची. घेतली की झोप लागायची. सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत ती मोळ्या उचलत होती. “कोणी सांगितलं नाही बाई, की पोटात जाते म्हणून.”

कोण सांगणार होतं? मुकादमाला उसाचं टन दिसत होतं, नवऱ्याला उचल फेडायची होती. बाळाला दारूने जे केलं त्याचा सगळा हिशेब एकट्या आईच्या नावावर मांडायची सवय जगभर आहे. त्या खोपीत पोटली विकायला येणारा, दारू पिऊन तिला मारणारा आणि बाईला सातव्या महिन्यात फडात उतरवणारा, यांच्यापैकी एकाचंही नाव त्या निदानात येत नाही.

तिची भीती वेगळीच निघाली. मी ‘हो’ म्हटलं तर माझ्यावर पण केस होईल ना? आधीच पोरावर प्रोहिबिशनची, मग आईवर पण. मी म्हटलं, इतक्या वर्षांपूर्वीच्या गोष्टीवर कोण गुन्हा नोंदवणार आहे? तिला ते पटल्यासारखं वाटलं, तरी चेहरा तसाच. मग म्हणाली, “पण त्याले कळीन ना.”

मुंबई राज्याचा 1949 चा दारूबंदी कायदा, मोरारजीभाईंच्या काळातला. 1960 मध्ये राज्य वेगळं झालं तेव्हा गुजरातने तो घट्ट धरून ठेवला. महाराष्ट्रातही तोच कायदा आहे आणि तिथेही कागदोपत्री प्यायला परवाना लागतोच, हे पुण्या-मुंबईतल्या किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे. इकडे मात्र पिणं हाच गुन्हा असल्यामुळे दारूबद्दलचा साधा वैद्यकीय प्रश्नही पोलिसी वाटतो. दारू बंद असलेल्या राज्यात दारूने झालेला आजार सापडणं जास्त अवघड, असं हे त्रांगडं आहे. दारूबंदी नको असं मी म्हणत नाही. जिन्यात राहून बायकांचे हाल बघितलेली बाई तसं म्हणणार नाही. पण डॉक्टरसमोर खरं बोलण्याची एक जागा तरी हवी.

1 सप्टेंबर, सोमवार

तारीख. कोर्ट कुठलं ते लिहीत नाही. फाटकं सगळीकडे सारखीच.

साडेदहाची गर्दी. वकील एका बाजूने, पक्षकार दुसऱ्या बाजूने. धातू शोधणारी चौकट, पुढे टेबल, टेबलावर प्लास्टिकचा ट्रे. पोलिसाने एका दमात सांगितलं, “मोबाइल बहार काढ, पट्टो काढ, हाथ ऊंचा कर.” याने मोबाइल काढला आणि तो हातात धरून उभा राहिला. पहिली गोष्ट कळली, बाकीच्या दोन हवेत गेल्या. मागून लोक ढकलत होते. पोलिसाने आवाज चढवला. हा चौकटीतून पुढे गेला, चौकट वाजली. (खिशात चुन्याची डबी होती.) पोलिसाने कमरेला हात घातला आणि हा जो उसळला तो थेट मागे, रस्त्याकडे पळाला.

कोर्टाच्या फाटकावरून पळणारा तरुण मुलगा म्हटल्यावर काय व्हायचं ते झालं. तिघांनी धरला. “एनी पासे कंईक छे,” त्याच्याकडे काहीतरी आहे, असं कुणीतरी ओरडलं. आई “मारू नका, मारू नका” करत मध्ये पडली. झडतीत डबी, दहाच्या दोन नोटा आणि समन्स निघालं. समन्स बघून पोलीस नरमला. मला म्हणाला, “मासी, पहेलां कहेवुं जोईए ने.” आधी सांगायला हवं होतं. पण आधी म्हणजे कुणाला, कुठे, कोणत्या खिडकीवर? माणसाचं बोलणं रास्त होतं, सांगायची जागाच नव्हती.

आत गेलो तेव्हा पुकारा होऊन गेला होता. कुणा भल्या वकिलाने आम्हाला फाटकावर पाहिलं होतं, त्याने उठून सांगितलं म्हणून वॉरंट टळलं. दुपारी पुन्हा नाव आलं. न्यायदंडाधिकारी बाई होत्या. केस समजायो? हा. वकील राखवो छे? हा. गुनो कबूल छे? हा.

तिन्ही ‘हा’ एकाच सुरात. बाईंनी मान वर केली. त्याच्याकडे बघून म्हणाल्या, शेनो केस छे ए बोल. कशाची केस आहे ते तू सांग. तो माझ्याकडे बघत म्हणाला, “बाईंना विचारा.”

कबुली लिहिली गेली नाही. मोफत कायदेशीर मदतीचा वकील द्या, पुढची तारीख 18. त्यांनी मान वर केली नसती तर आज तो गुन्हेगार ठरून घरी आला असता, आणि रेकॉर्डवर सगळं नियमानुसार दिसलं असतं.

2 सप्टेंबर, मंगळवार

रात्रभर त्या पोलिसावर मनात चरफडले. सकाळी वाटलं, त्याच्या जागी उभं राहून बघावं.

13 ऑगस्ट 2004 ला नागपूरच्या जिल्हा न्यायालयात, भर कोर्टात, कस्तुरबा नगरच्या बायकांनी वस्तीला छळणाऱ्या अक्कू यादव या गुंडाला ठार मारलं. त्या बायकांनी काय सोसलं होतं ते सगळ्या महाराष्ट्राने वाचलं, आणि खरं सांगायचं तर त्यांच्याबद्दल वाईट बोलणारं मला कुणी भेटलं नाही. पण आरोपी पोलिसांच्या ताब्यात, न्यायालयाच्या छताखाली मारला जातो, हे कुठल्याही फाटकावरच्या शिपायाला विसरता येणार नाही. 24 सप्टेंबर 2021 ला दिल्लीच्या रोहिणी कोर्टात वकिलाचा वेश करून आलेल्यांनी गोळ्या झाडून एका गुंडाला मारलं. ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रद्युम्न बिश्त प्रकरणात न्यायालयांच्या सुरक्षेबद्दल निर्देश दिले. म्हणजे फाटक घट्ट होणार ते होणारच, आणि व्हायलाही हवं.

पण फाटकावरचा माणूस ज्या खुणा शोधायला शिकतो (नजर चुकवणं, सांगितलेलं न करणं, हात लावताच मागे सरणं, गर्दीत अस्वस्थ होणं) त्या सगळ्याच्या सगळ्या या मुलात आहेत. या खुणांना दुसरंही कारण असू शकतं, हे शिपायाला कुणी सांगितलेलंच नसतं. शिकवायला अर्धा दिवस पुरेल.

4 सप्टेंबर, गुरुवार

मदतीची वकील मिळाली. तरुण आहे, सुरतचीच, मराठी समजते. अशा मदतीसाठी 1987 च्या कायद्यानुसार दिव्यांग व्यक्ती पात्र असते, पण तिने प्रमाणपत्र मागितलं नाही. घरची कमाई बघून अर्ज भरला.

मी तिला भाचीचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, पोलिसांसमोरची कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, तो भाग सोपा आहे. अवघड आहे ते याचं कोर्टातलं ‘हो’.

प्रमाणपत्राचा विषय निघाला. मी मुलाला मागेच एका मोठ्या दवाखान्यात नेऊन आणलं होतं. बुद्ध्यांक सत्तरच्या थोडा वर, म्हणून बौद्धिक अक्षमतेत बसत नाही. 2016 च्या दिव्यांग कायद्याच्या यादीत एकवीस प्रकार आहेत, त्यात गर्भातल्या दारूचं नाव नाही. चाळीस टक्के भरत नाहीत, कार्ड नाही. या मुलांची गंमत अशी की बोलताना ठीकठाक वाटतात. परीक्षेत सत्तर-पंच्याहत्तर येतात आणि व्यवहारात दहा वर्षांच्या पोराएवढी समज असते.

तिने कायदा उघडून दाखवला. चाळीस टक्क्यांची अट आरक्षण आणि काही सवलतींसाठी आहे. दिव्यांग व्यक्तीची मूळ व्याख्या त्याहून मोठी: दीर्घकाळाचं शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियांचं न्यून, जे समाजातल्या अडथळ्यांमुळे बरोबरीने वावरू देत नाही. आणि न्यायालयापर्यंत पोचण्याचं कलम 12 या मोठ्या व्याख्येवर उभं आहे. त्यात टक्के नाहीत. हे मी शिक्षिका असताना कुणी सांगितलं असतं तर किती पोरांसाठी भांडले असते!

मग तिने एक विचित्र गोष्ट सांगितली. समजा हाच मुलगा आरोपी नसून साक्षीदार असता, तर त्याच्यासाठी वेगळी खोली मागता आली असती. 2017 मध्ये ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध बंडू’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असुरक्षित साक्षीदारांसाठी खास केंद्रं उभारायला सांगितली. त्यातली पीडित मुलगी मूकबधिर होती आणि तिला बौद्धिक अडचणही होती. जानेवारी 2022 मध्ये स्मृती बदाडे यांच्या याचिकेवर न्या. चंद्रचूड यांच्या खंडपीठाने व्याख्या आणखी रुंद केली, न्या. गीता मित्तल यांची समिती नेमली. दोन्ही प्रकरणं महाराष्ट्रातून गेलेली. किंवा समजा हा अठराच्या आत असता, तर बाल न्याय मंडळापुढे गेला असता. तिथे नियमच आहे की मंडळाने उंच चौथऱ्यावर बसायचं नाही, मध्ये कठडा नको, पोलीस गणवेशात नकोत. अठरावा वाढदिवस झाला आणि हे सगळं संपलं. मेंदू काही त्या दिवशी मोठा झाला नाही.

7 सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन, आज खग्रास चंद्रग्रहण. दुपारीच वेध लागले. आमच्या मजल्यावर एक सून गरोदर आहे, पाचवा महिना. सासूने तिला दुपारपासून आत बसवलं: सुरी धरायची नाही, सुई धरायची नाही, बाळाचा ओठ फाटतो. रात्री साडेबाराला पूर्ण ग्रहण सुटू लागेपर्यंत तिने कूस बदलली तरी सासू ओरडत होती.

मी त्या सासूला नावं ठेवणार नाही. पोटातल्या बाळाला बाहेरचं काहीतरी बाधतं आणि आईला जपलं पाहिजे, एवढं तिला पक्कं कळतं. तिच्याच घरी सासरा आणि मुलगा संध्याकाळी पोटली आणतात, सुनेला थकवा आला तर ‘घे जराशी’ म्हणतात, हे मी या कानांनी ऐकलं आहे. चंद्राला एवढं घाबरणारं घर ग्लासला घाबरत नाही.

म्हणून आज ग्रहणाचाच फायदा घेतला. सासूला म्हटलं, ग्रहण तर रात्रीपुरतं, पण दारूचा वेध नऊ महिने असतो. तिने डोळे मोठे केले. वेध म्हटल्यावर तिला झटकन कळलं. ‘अल्कोहोल’ म्हटलं असतं तर मान डोलावून गप्प बसली असती.

9 सप्टेंबर, मंगळवार

नवव्या महिन्याची नववी तारीख. जगभर हा दिवस या आजाराच्या जागृतीचा म्हणून 1999 पासून पाळतात. नऊ महिने, म्हणून नऊ-नऊ. कोसाडात पाळायला मी एकटीच. भाचीने पाठवलेलं वाचत बसले.

न्यूझीलंडचा टेना पोरा. 1992 मध्ये ऑकलंडला एका बाईचा खून झाला. पुढच्या वर्षी सतरा वर्षांचा हा मुलगा दुसऱ्याच भानगडीत पोलिसांच्या हाती लागला. खुनाच्या माहितीला बक्षीस होतं. पोलिसांशी बोलता बोलता त्याने आपल्यालाच त्यात घातलं. त्या रस्त्यावर नेलं तर बाईचं घर कुठलं ते त्याला दाखवता येईना. तरी शिक्षा झाली. फेरसुनावणीत 2000 मध्ये पुन्हा झाली. वीसेक वर्षं तुरुंगात. मार्च 2015 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ती रद्द केली. कारण हेच: गर्भातल्या दारूने मेंदूला इजा झालेला माणूस समोरच्याला खूश करायला बोलतो, आठवणीतली भोकं गोष्टींनी भरतो, आणि त्याला स्वतःलाही ते खोटं वाटत नाही. पुढे 2019 मध्ये त्या खुनात दुसराच माणूस दोषी ठरला.

मला चौथीतली काच आठवली.

दुसरा कागद ऑस्ट्रेलियाचा, 2018 चा. पर्थच्या बँक्सिया हिल बालसुधारगृहात 99 मुलांची नीट तपासणी केली, 36 जणांना हा आजार निघाला. त्यातल्या फक्त दोघांचं निदान आधी झालं होतं. बाकीचे चौतीस जण पोलीस, वकील, न्यायाधीश, शिपाई सगळ्यांच्या समोरून गेले, कुणाला कळलं नाही. आपल्याकडच्या सुधारगृहांत अशी तपासणी झाल्याचं भाचीच्याही वाचनात नाही.

कॅनडात विनिपेगला 2019 पासून अशा लोकांसाठी वेगळा कोर्टाचा दिवस असतो: खोली लहान, गर्दी नाही, गोंगाट नाही, बरोबर मदतनीस, बोलणं सोप्या शब्दांत. वाचून हेवा वाटला आणि जरा हसूही आलं. यातल्या कशालाच पैसा लागत नाही, लहान खोली सोडून.

12 सप्टेंबर, शुक्रवार

बातमी: मुंबई उच्च न्यायालयाला बॉम्बची धमकी देणारा ई-मेल, इमारत रिकामी केली, काही सापडलं नाही. जूनमध्ये आमच्या गुजरात उच्च न्यायालयालाही असाच आला होता. आता सगळीकडची फाटकं आणखी कडक होणार. आईच्या पोटात गोळा आला. “आता तर मारतीनच त्याले.”

संध्याकाळी माझ्या घरी तालीम घेतली. दाराच्या चौकटीत उभं केलं, समोर ताट ठेवलं. मोबाइल ताटात. थांब. पट्टा ताटात. थांब. आता मी कमरेला हात लावणार आहे, लावू? तो हसतो, त्याला खेळ वाटतो. चुन्याची डबी घरी ठेवायची, यावर मात्र आमचं भांडण झालं.

कोर्टात काय बोलायचं ते शिकवायला मी सुरुवात केली तशी वकील फोनवर म्हणाली, बाई, उत्तर शिकवू नका. ‘नाही’ म्हणायला शिकवलंत तर तो सगळ्याला ‘नाही’ म्हणेल, ते तुमचं ‘नाही’ होईल, त्याचं नाही. फक्त एवढं शिकवा: समजलं नाही तर ‘समजलं नाही’ म्हण. बरोबर आहे तिचं. माझा सगळा जन्म मुलांकडून अपेक्षित उत्तर काढून घेण्यात गेला, मला हे सुचलं नसतं.

18 सप्टेंबर, गुरुवार

सकाळी नऊच्या आत पोचलो, गर्दीच्या आधी. वकिलीणबाईंनी एक दिवस आधी बंदोबस्ताच्या साहेबांना भेटून ठेवलं होतं. मुलाच्या हातात पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा, गुजरातीत मोठ्या अक्षरांत: ‘एका वेळी एकच गोष्ट सांगा. हात लावण्याआधी सांगा. मला वेळ द्या.’ आजाराचं नाव नाही.

फाटकावर दुसरा पोलीस होता. त्याने पुठ्ठा वाचला, उलटा करून मागे काही आहे का पाहिलं, मग म्हणाला, “मोबाइल.” थांबला. “पट्टो.” थांबला. “हवे हुं हाथ लगाडुं छुं.” मिनिटभरात झालं. मागच्या रांगेतला एकजण कुरकुरला, “व्हीआयपी छे के?”

मुलाला जमेल तसं विचारावं, असा अर्ज कोर्टात दिलेला होता. न्यायदंडाधिकारी बाईंनी त्याला बसायला खुर्ची दिली, आईला शेजारी उभं राहू दिलं. तुझं नाव काय?

“समजलं नाही.”

कोर्टात हशा पिकला. बाईही हसल्या, पण थांबल्या, आणि पुन्हा विचारलं, तुला घरी काय हाक मारतात? त्याने नाव सांगितलं. मग पिशवीबद्दल एकेक प्रश्न. पिशवी कुणी दिली? त्याने सांगितलं. आत काय होतं? “मला माहिती नाही, मी उघडली नाही.” पोलिसांना तू माल माझा म्हणालास ना? “हो.” का म्हणालास? बराच वेळ गेला. भिंतीवरच्या घड्याळाकडे कुणी पाहिलं नाही, याचं मला कौतुक आहे. “ते विचारत होते म्हणून.”

गुन्हा नाकबूल म्हणून नोंद झाली. मानसिक क्षमतेच्या तपासणीचा अर्ज पुढच्या तारखेला. केस चालणार आहे, सुटलेली नाही. पिशवी देणारा तर जिन्यात उजळ माथ्याने फिरतो.

21 सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री. उद्यापासून नवरात्र, मग कोर्टाच्या सुट्ट्या, म्हणून आजच वकिलीणबाईंकडून अर्जाची नक्कल घेऊन वहीत चिकटवली. एकच पान आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं कलम 12 वर लिहिलं आहे आणि खाली मागण्या: प्रश्न लहान आणि एका वेळी एक, ‘समजलं का’ असं विचारण्याऐवजी समजलेलं त्याच्या शब्दांत सांगायला लावावं, ओळखीचं एक माणूस शेजारी, मध्ये विश्रांती, पुढच्या तारखेची चिठ्ठी लेखी आणि आईच्या फोनवरही, फाटकावरच्या तपासणीला आधी सूचना. आई काय प्यायली, कधी प्यायली, याचा एक शब्द अर्जात नाही. त्याची गरजच लागली नाही. तिचं गुपित तिच्यापाशी राहिलं आणि मुलाचं कामही झालं.

ज्यांच्या घरी, वर्गात किंवा जिन्यात असा मुलगा आहे, त्यांच्यासाठी लिहिते. कोर्टाचा कागद आला तर प्रमाणपत्राची वाट बघत बसू नका. 15100 या क्रमांकावर फोन करा, किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बौद्धिक अक्षमता आणि मानसिक आजार असलेल्यांसाठी त्यांची वेगळी योजना 2024 पासून आहे, तिच्यातल्या विधी सेवा पथकाला ‘मनोन्याय’ म्हणतात, ते नाव घेऊन विचारा. आजाराला नाव नसलं तरी चालेल. त्याला काय जमत नाही ते साध्या शब्दांत लिहा, आणि तो कागद पहिल्या तारखेच्या आधी कोर्टात द्या.